चुकोबाच्या पोराचा बार मित्झ्वा

गादी-सोफ्याचं काम करणाऱ्याच्या तोंडात कायम चुका असतात. चुका म्हणजे बारीक, काळे, चपट्या डोक्याचे खिळे. एका हाताने कापड ताणून धरायचं, दुसऱ्यात हातोडी, मग खिळे ठेवायचे कुठे, तर तोंडात. जिभेने एकेक चूक ओठांवर आणायची आणि ठोकायची. हल्ली सगळीकडे स्टेपलर गन आली आहे, पण या माणसाला ती मान्य नव्हती. वडील तोंडात चुका धरत, म्हणून हाही धरी. आणि तोंड भरलेलं असतानाही त्याला बोलायचं सुचे. दारात गिऱ्हाईक उभं राहिलं, की हा चुकांच्या फटीतून म्हणे, "आठवड्यात देतो." लोक त्याला चुकोबा म्हणत. काही जण तोंडातल्या चुकांमुळे म्हणत, बाकीचे त्याने दिलेल्या वायद्यांमुळे.

दुकान उताराच्या गल्लीत, शेवटचं. आत शिरायचं तर पाय वर करून पडलेल्या खुर्च्यांमधून वाट काढावी लागे. पोट उसवलेले कोच, स्प्रिंगा बाहेर आलेल्या आरामखुर्च्या, कोपऱ्यात काथ्याचा ढीग आणि त्यावर झोपलेलं मांजर. एका कोचाचे मालक वाट बघता बघता वारले. मुलांनी येऊन तक्रार केली, तेव्हा चुकोबा हळहळला आणि म्हणाला, "त्यांनी जरा घाईच केली."

धर्माशी त्याचं नातं सासुरवाडीसारखं होतं. वर्षातून तीन-चारदा जायचं, इस्त्रीचे कपडे घालून मागच्या रांगेत बसायचं, आणि खाण्याची वेळ झाली की पुढे यायचं. सिनेगॉग दोन गल्ल्या सोडून होतं. ज्यू वस्ती लहान, त्यामुळे तिथे येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक घरातलं काही ना काही चुकोबाच्या दुकानात पाय वर करून पडलेलं असे. तो मागे बसे त्याचं तेही एक कारण होतं. पुढे बसला तर लोक प्रार्थना सोडून खुर्चीचं विचारत.

एकच मुलगा. त्याच्या बाबतीत मात्र चुकोबाला धीर म्हणून नव्हता. पोर रांगायला लागलं, तर हा गिऱ्हाइकांना सांगे, "सरळ रेषेत रांगतो." पहिला दात आला, तेव्हा बायकोच्या भावाला फोन केला. तो दातांचा डॉक्टर. "डॉक्टर, असा दात तुम्ही पाहिला नसेल." डॉक्टर म्हणाले, "भावोजी, दात सगळे सारखेच असतात." तो फोन चुकोबा कधी विसरला नाही.

दोन वर्षांपूर्वी या डॉक्टरांच्या मुलाचा बार मित्झ्वा झाला होता. मुलाला तेरा पूर्ण झाली, की धर्माच्या लेखी तो मोठा होतो, आणि शनिवारी सगळ्यांसमोर तोरा या धर्मग्रंथातला त्या आठवड्याचा पाठ वाचून दाखवतो. डॉक्टरांच्या मुलाच्या वाट्याला आला समुद्र. समुद्र दुभंगतो, लोक कोरड्या पायांनी पलीकडे जातात, मागून येणारी फौज बुडते. त्यात पोराचा गळा बासरीसारखा. म्हाताऱ्यांनी डोळे पुसले. डॉक्टरांनी सगळ्यांचे हात हातात घेतले, चुकोबाचा जरा जास्त वेळ. घरी येताना चुकोबा आपल्या पोराला म्हणाला, "तुझा येऊ दे. समुद्र काय घेऊन बसलास."

पोरगा तोरा वाचणार होता आणि बाप तोरा मिरवणार होता. कामं अशी वाटून झाली होती.

पोराला बारावं सरलं, तसे दोघे सिनेगॉगच्या हझ्झानांकडे गेले. प्रार्थना गाऊन म्हणायचं आणि मुलांना शिकवायचं काम त्यांचंच. वय झालेले, बारीक आवाजाचे गृहस्थ. त्यांनी जन्मतारीख विचारली, एका जुन्या पंचांगासारख्या पुस्तकात बोट फिरवलं आणि घसा साफ केला.

"काय आलंय?" चुकोबाने विचारलं.

"चट्टे."

"कसले चट्टे?"

"अंगावरचे. पांढरे, तांबूस. सूज, खपली, केस गळणं. मग याजक, म्हणजे पुरोहित, येतो आणि तपासतो."

"आणि समुद्र?"

"समुद्र नाही."

"लढाई तरी?"

"नाही. पुढे बुरशी आहे."

चुकोबाने मान लांब करून पुस्तकात डोकावलं. मग त्याने आवाज खाली आणला. "बदलून नाही का मिळणार?"

"हे काय कापडाचं दुकान आहे?" हझ्झान म्हणाले. "मूल ज्या आठवड्यात जन्मलं, त्या आठवड्याचा पाठ. अडीच महिने आधी जन्माला घातला असतास, तर मिळाला असता समुद्र. पण वेळेत काही देणं तुझ्या स्वभावातच नाही."

पोरगा खिडकीकडे तोंड करून हसला. हझ्झान दारापर्यंत सोडायला आले, ते पुढे म्हणाले, "विषय निघालाच आहे, तर इथल्या बाकांच्या गाद्या तुझ्याकडे आहेत. म्हातारी माणसं लाकडावर बसतात."

"आठवड्यात देतो," चुकोबा म्हणाला.

घरी त्याने बायकोपुढे तोंड वाकडं केलं. बायको औषधाच्या दुकानात काउंटरवर होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मग बिघडलं कुठे? मी दिवसभर हेच वाचते. मलमाच्या डब्यांवर."

"तुझ्या भावाच्या पोराला समुद्र आणि माझ्याला नायटा?"

"अहो, समुद्र एकदाच दुभंगला. नायटा रोज कुणाला ना कुणाला होतोच."

पोरगा रोज संध्याकाळी हझ्झानांकडे जाऊ लागला. चाल अवघड, अक्षरं अवघड, पण त्याला ते आवडत असावं. घरी तो न्हाणीघरात म्हणून बघे, कारण तिथे आवाज घुमतो. चुकोबा दाराबाहेर उभा राहून ऐके आणि दुसऱ्या दिवशी गिऱ्हाइकांना सांगे, "सोन्याचा गळा आहे." अर्थ त्याला एका शब्दाचाही कळत नसे, पण चट्ट्यांचं वर्णन इतकं गोड लागतं हे त्याला नवीन होतं.

मग ऐन वेळी गळ्याने दगा दिला. आवाज फुटला. एका ओळीत बासरी, दुसरीत न तेल घातलेली बिजागरी. चुकोबा हझ्झानांकडे धावला. "दोन-तीन महिने पुढे ढकलता येईल?"

"मोठा होतोय म्हणूनच वाचायचं असतं," हझ्झान म्हणाले. "मोठं होताना असाच आवाज येतो."

अशा वेळी चुकोबाला एकच आधार होता. पोराचं वाचून झालं, की बापाने एक छोटी प्रार्थना म्हणायची असते. अर्थ साधारण असा, की देवा, आता याचं पाप-पुण्य याच्या डोक्यावर, मला यातून सोडवलंस, तुझे उपकार. ही प्रार्थना त्याला भारी आवडे. गेली काही वर्षं पोराने काच फोडली, की हा बोट वर करून म्हणे, "थांब, तेरा पूर्ण होऊ दे. देवासमोर हात झटकतो की नाही बघ." पोरगा मान डोलवे. काच फोडायला आपल्याकडे किती अवधी आहे, याचा तो अंदाज घेत असावा.

वाचनानंतर मुलाने चार शब्द बोलायचे असतात. ते चुकोबाने स्वतः ठरवले. कापड बेतता बेतता त्याने पोराला पाठ करायला सांगितलं, "आज मी जो काही आहे तो माझ्या वडिलांमुळे. त्यांचे कष्ट, त्यांची दूरदृष्टी..."

"दूरदृष्टी कसली, बाबा?"

"तू म्हण. लोक विचारत नाहीत."

"बरं," पोरगा म्हणाला. हे 'बरं' त्याने आईकडून उचललं होतं. त्याचा अर्थ 'बघू' असा होतो.

शेवटच्या आठवड्यात बायकोने फर्मान काढलं. गाद्या शुक्रवारी दुपारपर्यंत बाकांवर दिसल्या नाहीत, तर शनिवारी ती घरीच बसेल आणि कारण विचारणाऱ्याला खरं कारण सांगेल. चुकोबा कामाला लागला. खरं तर त्याचा हात असा होता, की मनावर घेतलं तर कापडाला सुरकुती सापडायची नाही. पण तांबडं कापड अर्ध्या बाकांनाच पुरलं. उरलेल्या गाद्यांना त्याने दुकानात पडून असलेलं हिरवं रेक्झिन लावलं. डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या बाकड्यांसाठी आणलेलं ते. बाकडी अर्थातच अजून झाली नव्हती. शुक्रवारी ऊन कलायच्या आत बाप-लेकांनी हातगाडीवरून गाद्या नेऊन टाकल्या. हझ्झानांनी एकीवर बसून पाहिलं आणि काही बोलले नाहीत, म्हणजे पसंत पडली.

शनिवारी चुकोबा पहिल्या रांगेत बसला. बायको वरच्या सज्जात, बायकांच्या घोळक्यात. डॉक्टर आणि त्यांचा परिवार उशिरा आला आणि हिरव्या रांगेत बसला. पोरगा वर गेला. नवा कोट खांद्यावर जरा मोठा होता, बाही बोटांपर्यंत आलेली. तोराची गुंडाळी उघडली, ओळींवर फिरवायचा चांदीचा दर्शक हातात घेतला, आणि वाचायला लागला.

पहिल्या ओळी बऱ्या गेल्या. तिसरीत आवाज फाटला. वरून कुणीतरी "अगं बाई" म्हणालं. पोराने थुंकी गिळली आणि पुढे गेला. एका शब्दावर हझ्झानांनी हळूच दुरुस्ती केली, तसा चुकोबा असा दचकला, जणू कुणी त्याच्याच टाळूत चूक ठोकली. त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते. आयुष्यात पहिल्यांदाच तो तोंड रिकामं असून गप्प होता.

आणि मग पोरगा सुजेवरून खपलीवर जायला श्वास घेत होता, सगळीकडे शांतता होती, तेवढ्यात डॉक्टर बसल्या जागी जरा सरकले. नवं रेक्झिन. घाम आलेला. जो आवाज निघाला तो पवित्र ग्रंथात कुठेही बसणारा नव्हता. डॉक्टर लालबुंद झाले आणि आपण नव्हे, गादी, हे सिद्ध करायला पुन्हा सरकले. या वेळी आवाज निघाला नाही. त्यामुळे संशय पक्का झाला. रांगच्या रांग खांदे हलवत खाली बघू लागली. पोराने मान वर केली, मामाकडे पाहिलं, आपल्या बापाकडे पाहिलं, आणि ओठ चावून खपलीपासून पुढे सुरू केलं. हसू दाबण्याच्या नादात त्याची भीती गेली असावी, कारण त्यानंतर आवाज फाटला तरी तो थांबला नाही. फाटका तर फाटका, त्याच चालीत, त्याच ठेक्यात, शेवटपर्यंत.

वरून बायकांनी रिवाजाप्रमाणे गोळ्या-चॉकलेटं फेकली. चुकोबाच्या बायकोचा नेम चुकून एक लिमलेटची गोळी चुकोबाच्या टकलावर बसली. नेम चुकला, असं ती म्हणते.

हझ्झानांनी चुकोबाला वर बोलावलं आणि ती प्रार्थना एकेक शब्द सांगू लागले. चुकोबाने निम्मी म्हटली आणि थांबला.

"म्हण पुढे," हझ्झान कुजबुजले.

"एक विचारू? म्हणजे आता याच्या चुका माझ्या नाहीत?"

"नाहीत."

"आणि हे जे वाचलं, ते?"

"तेही त्याचंच."

चुकोबाने पोराकडे पाहिलं. घामाने कोटाची कॉलर ओली झाली होती. "मग मला काय उरलं? हा तर तोट्याचा सौदा झाला."

तो कुजबुजत होता असं त्याला वाटत होतं. प्रत्यक्षात सज्जापर्यंत ऐकू गेलं. हझ्झान चाळीस वर्षं ती प्रार्थना बापांकडून म्हणवून घेत होते, पण घासाघीस करणारा बाप त्यांना पहिल्यांदा भेटला होता. "लोक खोळंबलेत," ते म्हणाले. "तुझ्यामुळे ते नेहमीच खोळंबतात, पण आज देवही खोळंबलाय." चुकोबाने उरलेली प्रार्थना भरभर म्हणून टाकली, कडू औषध घ्यावं तशी, आणि जागेवर येऊन बसला.

आता चार शब्द. चुकोबा सावरून बसला आणि 'दूरदृष्टी'ची वाट बघू लागला. पोराने दोन्ही हात लाकडी कठड्यावर ठेवले.

"या पाठात फक्त माणसांचे चट्टे नाहीत," तो म्हणाला. "कापडावरचे डाग पण आहेत. लोकरीवरचे, चामड्यावरचे. डाग दिसला की याजकाला बोलवायचं. तो येतो. कापड बघतो. म्हणतो, सात दिवस बंद करून ठेवा. सात दिवसांनी पुन्हा बघतो आणि म्हणतो, धुवा, आणि अजून सात दिवस ठेवा. मी वाचताना विचार करत होतो, की असा माणूस मी कुठे पाहिलाय."

मागच्या रांगेत कुणीतरी खुसखुसलं.

"फरक एवढाच आहे, की तोरातला याजक सात दिवसांनी खरंच येतो."

सिनेगॉगमध्ये हशा फुटला. तांबड्या गाद्या हसल्या, हिरव्या गाद्या हसल्या आणि वाजल्याही. ज्याची खुर्ची वर्षभर पडून होती, तो शेजाऱ्याच्या पाठीवर थापा मारत होता. डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे पुसले. चुकोबाच्या कानांच्या पाळ्या तापल्या. आपल्या घामावर वाढलेलं कार्टं, भर सभेत बापाचे कपडे उतरवतं. तो मागे वळला, एकेकाचं तोंड लक्षात ठेवावं म्हणून. पण मागे जे दिसलं त्याने तो गडबडला. इतकी माणसं एकाच वेळी इतकी खूष त्याने या इमारतीत कधी पाहिली नव्हती. समुद्राच्या वेळीही नाही. तेव्हा ती रडली होती. आणि त्यांना असं हलवणारं ते, ओल्या कॉलरचं, त्याचं पोर होतं. नुकत्याच म्हटलेल्या प्रार्थनेचा त्याला भयंकर राग आला.

पोरगा हसू ओसरायची वाट बघत थांबला होता. हे थांबणं त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

"पण याजक कापड लगेच जाळत नाही," तो पुढे म्हणाला. "बघतो, थांबतो, धुवून घेतो, परत बघतो. डाग फिका झाला, तर तेवढाच तुकडा कापून काढायचा आणि बाकीचं कापड ठेवायचं. माझे बाबा पण कुठलीच खुर्ची टाकत नाहीत. आई म्हणते फेकून द्या, ते म्हणतात सांगाडा चांगला आहे. माणसांबद्दल पण ते तसंच म्हणतात. मामांबद्दल पण म्हणतात, की वरचं कापड जरा भारी आहे, पण सांगाडा चांगला आहे."

आता सगळे डॉक्टरांकडे वळले. डॉक्टर हसावं की नाही ठरवत होते.

"माझा आवाज सध्या असा आहे," पोरगा म्हणाला, आणि तिथेच तो नेमका फाटला, "पण बाबा दाराबाहेर उभे राहून ऐकत होते. ते मला माहीत होतं. एवढंच."

तो खाली आला. चुकोबा जागेवरून उठला. त्याने पोराच्या कोटाची बाही धरली आणि शिवण उलटून पाहिली, जसा काही त्यासाठीच हात पुढे केला होता.

मागच्या दालनात खाणं-पिणं होतं. डॉक्टर बशी घेऊन आले. "भावोजी, वरचं कापड भारी, का?"

"चांगल्या अर्थाने म्हटलं होतं."

"माझा मुलगा वाचत होता तेव्हा मी फार घाबरलो होतो," डॉक्टर म्हणाले. "सगळ्यांचे हात धरत सुटलो, कारण माझे थरथरत होते. तुमच्या पोराने आज मजा आणली." मग थोडं थांबून, "रेक्झिन माझंच ना ते?"

"आठवड्यात देतो," चुकोबा म्हणाला, आणि दोघेही हसले.

तोपर्यंत चुकोबाचा जीव थाऱ्यावर आला होता. अर्ध्या तासात तो दालनात सांगत फिरत होता, की ती याजकाची कल्पना मूळ त्याचीच. बायकोने ऐकलं आणि मान फिरवली. पोराने ऐकलं, तर तो म्हणाला, "हो, त्यांचीच," आणि केकचा तिसरा तुकडा उचलला.

रविवारी चुकोबा एकटाच बसने मोठ्या बहिणीच्या गावी गेला. आबा, म्हणजे त्याचे वडील, तिच्याकडे असत. गुडघे गेलेले, कान गेलेले, त्यामुळे त्यांना सोहळ्याला येता आलं नव्हतं. ते खिडकीपाशी खुर्चीत बसले होते. ती खुर्ची त्यांनी स्वतःच भरलेली होती.

"आबा, पोरानं झकास वाचलं," चुकोबा त्यांच्या कानाशी ओरडला.

"पोरगं वाचलं?" आबा दचकले. "काय झालं होतं त्याला?"

"काही झालं नव्हतं. चट्ट्यांचा पाठ होता."

"पाठीला चट्टे? आणि मला आत्ता सांगता? मलम लावलं का?"

स्वयंपाकघरातून बहीण हसत आली आणि तिने पाटीवर खडूने मोठ्या अक्षरांत 'बार मित्झ्वा' लिहून आबांपुढे धरलं. आबांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडला. मग त्यांनी डोळे बारीक केले.

"तुझ्यासारखं वाचलं का? तू दोन ओळी एकदम गाळल्या होत्यास. कुणाला कळलं नाही. मला कळलं होतं."

"नाही आबा. माझ्यासारखं नाही. कुणासारखंच नाही."

"हं," आबा म्हणाले. त्यांना ऐकू आलं होतं की नाही, सांगता येत नव्हतं. त्यांनी खुर्चीच्या हाताखाली बोटाने शिवण चाचपली, तशी त्यांना सवयच होती. "आवाज कसा लागला?"

चुकोबाने विचार केला. सोन्याचा गळा म्हणायला जीभ उचललीही होती.

"फाटका," तो म्हणाला. "पण ठेका सोडला नाही."

"सांग बघू सगळं," आबा म्हणाले, आणि त्यातल्या त्यात बरा कान त्याच्याकडे केला.

चुकोबाने स्टूल पुढे ओढलं, पाय पसरले, आणि मोठ्याने, पहिल्यापासून, थोडं वाढवून सांगायला लागला.